त्या रात्री घरात एक सेन्सर होताच

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

“माझी आई ७९ वर्षांची आहे आणि माझ्या धाकट्या भावासोबत राहते. भाऊ ४६ वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. तो व्हीलचेअर वापरतो, त्याचे बोलणे घरच्यांनाच नीट समजते आणि टॅबलेटवर एका बोटाने एकेक अक्षर दाबून तो लिहितो. दोन महिन्यांपूर्वी रात्री दोनच्या सुमारास बाथरूमकडे जाताना आई पॅसेजमध्ये पडली आणि तिला उठता आले नाही. भावाला आवाज आला, तो जागाच होता, पण त्याला पलंगावरून एकट्याने उतरता येत नाही आणि टॅबलेट बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता. सकाळी सहा वाजता मदतनीस आली तेव्हा दाराला आतून कडी होती. शेवटी शेजाऱ्यांनी दार तोडले. सुदैवाने हाड मोडले नाही. मी आणि मोठा भाऊ, दोघेही दूर राहतो. दादाचे म्हणणे आहे की प्रत्येक खोलीत कॅमेरा लावावा. आई म्हणते, ‘मी घरात राहते, काचेच्या कपाटात नाही.’ धाकट्या भावाने टॅबलेटवर एवढेच लिहिले, ‘मला कोणी विचारलं?’ कॅमेऱ्यांऐवजी सेन्सर लावले तर पुरेल का? कोणते लावावेत? आणि आईला न सांगता तिच्या गादीखाली एखादा सेन्सर ठेवला तर चालेल का?”

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेला आहात, पण माझी नजर तिथेच अडली. आई पडल्या त्याच क्षणी घरातल्या एका माणसाला ते कळले होते. आवाज कुठून आला, कोण पडले, पडलेले माणूस बोलते आहे की नाही, हे सारे तुमच्या धाकट्या भावांना बाजारातल्या कोणत्याही यंत्रापेक्षा लवकर आणि अचूक समजले असणार. म्हणजे त्या रात्री घरात सेन्सर नव्हता असे म्हणता येणार नाही. तो होता, जागा होता, फक्त त्याला बाहेर निरोप पाठवण्याची सोय नव्हती. तुम्ही भावंडे ‘कॅमेरा की सेन्सर’ या वादात गुंतला आहात आणि ज्या एका सोयीने चार तासांची दहा मिनिटे झाली असती, तिचा उल्लेख पत्रात कुठेच नाही.

पत्रात तुम्ही त्यांना ‘तो’ म्हणता, बहीण म्हणून ते स्वाभाविकच आहे. मी त्यांना ‘ते’ म्हणणार आहे, कारण ४६ वर्षांच्या अनोळखी गृहस्थांविषयी तसेच लिहायचे असते, आणि अपंग माणसाला वय कितीही झाले तरी एकेरीत ठेवण्याची आपल्याकडची खोड मला कधीच पटलेली नाही.

तर पहिली खरेदी त्यांच्यासाठी करा. बोटांच्या बारीक हालचाली ज्यांना जमत नाहीत त्यांच्यासाठी तळहाताएवढी मोठी बटणे मिळतात. त्यांना नुसते ‘स्विच’ म्हणतात. कोपराने, गुडघ्याने, गालाने किंवा मान एका बाजूला कलवून ती दाबता येतात, आणि बहुतेकांची पिन हेडफोनसारखी ३.५ मिलिमीटरची असल्यामुळे एकच बटण निरनिराळ्या उपकरणांना जोडता येते. त्यातले एक बटण फोनवरून ठरलेल्या माणसांना हाक देणाऱ्या यंत्राला जोडायचे, एवढेच काम आहे. कौशल्य लागते ते बटण कुठे बसवायचे हे ठरवायला. सेरेब्रल पाल्सीत माणूस दचकला किंवा घाई करू लागला की स्नायूंचा ताठरपणा, नको असलेल्या हालचाली वाढतात. त्यामुळे दुपारी खुर्चीत शांत बसलेले असताना सहज दाबले जाणारे बटण रात्री दोन वाजता, आडवे असताना, आई पडल्याच्या धसक्यात सापडेलच असे नाही. म्हणून ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे रोजची कामे माणसाला जमतील अशी साधने आणि पद्धती बसवून देणाऱ्या तज्ज्ञाला, घरी बोलवा आणि चाचणी अंधारात, पलंगावर, ते ज्या कुशीवर झोपतात त्याच कुशीवर घ्या. झोपेत चुकून दाबले जाऊ नये म्हणून ‘दोन सेकंद दाबून धरले तरच’ अशी अट घालता येते. पण धरून ठेवणे त्यांना सोपे जाते की दोनदा दाबणे, हे त्यांनाच ठरवू द्या. शक्य असेल तर दोन वेगळे निरोप ठेवा, एक ‘आईला मदत हवी आहे’ आणि दुसरा ‘मला हवी आहे’. धावत येणाऱ्याला यातला फरक कळलेला बरा.

ही कल्पना नवी नाही. १९६० च्या सुमारास इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात रेज मेलिंग यांनी हातपाय हलवता न येणाऱ्या रुग्णांसाठी एक यंत्र तयार केले. रुग्णाने नळीत फुंकर मारली किंवा नळी ओढली की दिवा, घंटा, टंकलेखन यंत्र चालवता येई. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘पॉसम’ म्हणू लागले, आणि लॅटिन भाषेत त्या शब्दाचा अर्थ ‘मी करू शकतो’ असा होतो. घरात यंत्रे बसवण्याची सुरुवात, निदान या शाखेची, अशी झाली होती: सूत्रे त्या माणसाच्या हाती. आज ‘होम मॉनिटरिंग’ म्हणून जे विकले जाते त्यात सूत्रे बहुधा दूर बसलेल्या मुलाच्या फोनमध्ये असतात. यंत्र तेच असते, तारेचे टोक कुठे जाते एवढाच फरक असतो, आणि कोणतेही उपकरण घेताना मी आधी ते टोक पाहतो.

आता आई. गळ्यात घालायचे किंवा मनगटावर बांधायचे बटण सर्वांत आधी सुचते, आणि ते घ्यावेच. मात्र त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. केंब्रिजमधल्या नव्वदीच्या पुढच्या लोकांच्या पडण्याचा एक अभ्यास २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला होता. हाक देण्याचे बटण उपलब्ध असूनही, एकटे असताना पडलेल्या आणि उठू न शकलेल्या लोकांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी ते वापरले नव्हते. कारणे अगदी माणसासारखी असतात. बटण खुंटीला टांगलेले असते, ‘उगीच कोणाची झोप का मोडायची’ असे वाटते, किंवा ‘पाच मिनिटांत उठेन मी’ असा भरवसा असतो आणि पाच मिनिटांचे तास होतात. तुमच्या आई कोणत्या प्रकारात मोडतात हे तुम्हाला ठाऊक असेल.

पडल्याचे स्वतःहून ओळखणारी घड्याळे २०१८ पासून सर्रास मिळू लागली आहेत. जोराचा हिसका आणि त्यानंतरची निश्चलता अशा जोडीवरून ती पडणे ओळखतात. वृद्ध माणूस मात्र कित्येकदा आदळत नाही. भिंतीला टेकत, दाराची चौकट धरत हळूहळू खाली बसतो, आणि अशा सावकाश घसरणीत घड्याळाला हिसका जाणवतच नाही. शिवाय घड्याळ रोज चार्ज करावे लागते, आणि लोक ते रात्रीच करतात. आई पडल्या त्या रात्रीही दोन वाजता ते टॅबलेटशेजारीच पडून राहिले असते.

म्हणून रात्रीसाठी घरात बसवलेले सेन्सर हवेत, आणि ते कसे ‘पाहतात’ हे समजून घेतल्याशिवाय विकणाऱ्याशी बोलू नका. सर्वांत साधा सेन्सर हालचाल टिपणारा. भिंतीवरच्या त्या पांढऱ्या डबीसमोरचे अर्धपारदर्शक प्लास्टिक म्हणजे बारीक खाचा असलेले भिंग असते. ते खोलीचे पाकळ्यांसारखे भाग पाडते, आणि शरीरातून निघणारी अवरक्त उष्णता एका पाकळीतून दुसरीत गेली की डबीला ‘कोणीतरी हलले’ असे कळते. तिला माणूस दिसत नाही, उष्णतेतला बदल तेवढा दिसतो. त्यामुळे निश्चल माणूस तिच्या लेखी नसतोच. पॅसेजमध्ये पडून राहिलेल्या आई, आणि पॅसेज ओलांडून पुन्हा पलंगावर जाऊन झोपलेल्या आई, यांत या डबीला काहीही फरक करता येत नाही. दोन्ही वेळी आधी हालचाल आणि मग शांतता. बॅटरी वाचवण्यासाठी बहुतेक डब्या एकदा इशारा दिल्यावर काही काळ मुद्दाम गप्प बसतात, हेही विचारून घ्या. मांजर, हीटरचा झोत किंवा काचेतून येणारे ऊन यांनी तिची दिशाभूल होते ती वेगळीच.

ही उणीव जोडीने भरून काढता येते. गादीखाली दाब ओळखणारी पट्टी ठेवली की वजन पलंगावर आहे की नाही हे कळते. मग नियम असा करता येतो: रात्री अकरा ते सहा या वेळात पलंग रिकामा झाला, पॅसेजमध्ये हालचाल झाली आणि पंचवीस मिनिटांत पलंगावर वजन परत आले नाही, तर इशारा द्यायचा. पंचवीस हा आकडा माझ्या मनचा आहे. आईंना सहसा किती वेळ लागतो ते आठवडाभर पाहून तुमचा आकडा ठरवा. दारावरचा चुंबकाचा सेन्सरही स्वस्त आणि भरवशाचा असतो. दारावर एक चुंबक आणि चौकटीवर एक छोटा स्विच, एवढ्याच त्याच्या भागांत बिघडण्यासारखे फारसे काही नाही, आणि बाथरूमचे दार उघडले-मिटले याची ती नोंद वरच्या नियमाला पक्केपणा देते.

इथे तुमच्या घराची खास अडचण येते, जी जाहिरातीत कुठेच नसते. असे संच जवळजवळ सगळे एकट्या राहणाऱ्या माणसासाठी बेतलेले असतात. डबीला हालचाल कळते, हालचाल कोणाची ते कळत नाही. दिवसा तुमच्या घरात आई चालतात, भावांची खुर्ची फिरते, मदतनीस ये-जा करतात, कोणी भेटायला येते. त्या सगळ्याची एकच खिचडी तुमच्या फोनवर ‘आज हालचाल समाधानकारक’ अशा हिरव्या पट्टीत दिसेल आणि आई सकाळपासून खुर्चीतून उठलेल्याच नसतील. दिवसाच्या आलेखांवरून कोणताही निष्कर्ष काढू नका. रात्री मात्र हीच गोष्ट तुमच्या पथ्यावर पडते. भावांना एकट्याने पलंगावरून उतरता येत नाही, म्हणजे रात्री पॅसेजमध्ये हललेले माणूस आईच असणार. तेव्हा सेन्सरला फक्त रात्रीचा एक प्रश्न विचारा, आणि दिवसाचे काम आईंच्या गळ्यातल्या व भावांच्या बटणावर सोपवा. रात्रीही सोबत कोणी राहायला आले, तर त्या रात्रीपुरता नियम बंद ठेवावा लागेल.

प्रश्न छोटा असावा याचे मला आवडणारे उदाहरण जपानमधले आहे. तिथल्या झोजिरुशी कंपनीने २००१ मध्ये एक इलेक्ट्रिक किटली बाजारात आणली, जी कधी वापरली गेली ते दूर राहणाऱ्या कुटुंबीयांना ई-मेलने कळवत असे. किटली चालू झाली, म्हणजे माणूस उठून कामाला लागले. त्याहून जास्त ती काही सांगत नव्हती आणि विचारतही नव्हती. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठाशी जोडलेले टायगरप्लेस हे ज्येष्ठांचे निवासस्थान आहे, २००४ मध्ये सुरू झालेले. तिथे मॅरिलिन रँट्झ आणि सहकाऱ्यांनी घराघरांत सेन्सर बसवून, रात्रीच्या बाथरूमच्या फेऱ्या वाढणे, झोपेत चुळबुळ वाढणे, चाल मंदावणे अशा बदलांवरून मूत्रमार्गाच्या संसर्गासारखे आजार रुग्णाने तक्रार करण्याआधी ओळखता येतात का, हे वर्षानुवर्षे तपासले आणि उपयोग होतो असे दाखवले. विक्रेते या कामाचा आधार घेतात. ते एक सांगत नाहीत की तिथे इशारा मिळाल्यावर तो वाचणाऱ्या आणि दार ठोठावून आत जाणाऱ्या परिचारिका होत्या. तुमच्याकडे त्या जागी दादांचा फोन आहे.

रडारच्या सेन्सरबद्दल दोन शब्द, कारण दादांना तो कोणीतरी सुचवेलच. रेडिओ लहरी शरीरावरून परावर्तित होऊन येतात त्यावरून माणूस उभा आहे, बसला आहे की जमिनीलगत आहे, हे चित्र न काढता ओळखता येते. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातल्या दीना कताबी यांच्या गटाने तर भिंतीपलीकडच्या माणसाची हालचाल आणि श्वासही असा मोजून दाखवला आहे. बाजारात मिळणारे ६० गिगाहर्ट्झचे संच एकेका खोलीपुरते असतात. पैशांची फार ओढाताण नसेल तर एकच, बाथरूमसाठी घ्या. तिथे कॅमेरा कोणी लावणार नाही आणि गळ्यातले बटण तिथेच काढून ठेवले जाते.

कॅमेऱ्यांविषयी माझे मत दादांना रुचणार नाही. कॅमेरा पाहतो, पण उठवत नाही. रात्री दोन वाजता दादा झोपलेले असतात, तेव्हा पॅसेजमधल्या कॅमेऱ्याने चार तासांचे सुस्पष्ट चित्रण साठवून ठेवले असते आणि सकाळी ते सगळ्यांनी पाहिले असते. आणखी एक गोष्ट दादांच्या लक्षात आलेली दिसत नाही. ‘प्रत्येक खोली’ म्हणजे धाकट्या भावांची खोलीही. तिथे मदतनीस त्यांना कपडे घालतात, त्यांची स्वच्छता करतात. ते चित्रण कोणाच्या फोनवर, कोणत्या सर्व्हरवर, किती दिवस राहणार? अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ सालचा आहे. त्याचे कलम १९ स्वतंत्रपणे राहण्याबद्दल आणि कलम २२ खासगीपणाबद्दल आहे, आणि राहणे घरात असो वा संस्थेत, खासगीपणाचा हक्क तोच राहतो असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. दादांना काळजी आहे हे मला कळते. त्यांना दाखवण्यासारखे काहीतरी हवे आहे, कारण दूर असलेल्याला दिसले की धीर येतो. त्यांना पॅसेजमध्ये दोन्हीकडून बोलता येणारा एक स्पीकर सुचवा. इशारा आला की ‘आई, ऐकू येतंय का?’ एवढे विचारता आले तर चित्रापेक्षा जास्त कळते, आणि आई बोलू शकल्या नाहीत तर खोलीतून भाऊ उत्तर देतील. एक हुंकार म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, असे ठरवायला पाच मिनिटे पुरतात.

आता तुमचा तिसरा प्रश्न. गादीखाली न सांगता सेन्सर ठेवायचा नाही. आईंची समज शाबूत आहे. त्यांचे वाक्य वाचून त्याबद्दल कोणालाही शंका येणार नाही. ज्या दिवशी गादी उलटताना ती पट्टी त्यांच्या हाती लागेल, त्या दिवशी त्या फक्त पट्टी काढून टाकणार नाहीत, गळ्यातले बटणही काढून ठेवतील, आणि यापुढे पडल्या तर तुम्हाला सांगायच्याही नाहीत. त्याऐवजी त्यांना विचारा की त्या चार तासांत सर्वांत वाईट काय वाटले. उत्तर काय येईल ते मला माहीत नाही. कदाचित थंड फरशी, कदाचित मुलाची हाक ऐकू येत असूनही त्याला धीर देता न येणे. पण ज्या गोष्टीची त्यांना भीती वाटते तिच्यावरचा उपाय म्हणून पट्टी पुढे आली, तर ती त्यांची पट्टी होईल. कबूल झाले ते एका कागदावर लिहा: काय नोंदले जाते, कोणाला दिसते, किती दिवसांनी पुसले जाते आणि बंद करायचे बटण कुठे आहे. बंद करायचे बटण खरोखर चालले पाहिजे, दाखवण्यापुरते नको.

आणि भाऊ. ‘मला कोणी विचारलं?’ हे वाक्य एका बोटाने लिहायला त्यांना किती वेळ लागला असेल, याचा हिशेब एकदा मनाशी करा. प्रत्येक काना, वेलांटी, अनुस्वार वेगळा दाबायचा, त्यात शेवटचे प्रश्नचिन्हही त्यांनी सोडलेले नाही. त्यांच्याशी बोलताना तेवढाच वेळ द्या आणि वाक्य अर्धे असताना ते पुरे करू नका. इशारा घरातही वाजावा, त्यांच्या पलंगाशी, म्हणजे सेन्सर चुकला असेल तर ‘सगळे ठीक आहे’ असे सांगणारा पहिला माणूस तेच ठरतील.

कारण सेन्सर चुकणारच. समजा चुकीचा इशारा आठवड्याला एकच आला आणि आई वर्षातून दोनदा खरोखर पडल्या. वर्षभरात ५४ इशारे झाले, त्यातले खरे दोन. तिसऱ्या महिन्यापर्यंत दादांनी रात्री फोनचा आवाज बंद केलेला असेल, आणि त्यात त्यांचा दोष नाही; अतिदक्षता विभागातल्या कसलेल्या परिचारिकांचेही कान अशा गजरांना सरावतात. म्हणून इशारा टप्प्याटप्प्याने जाऊ द्या. आधी पॅसेजमधला दिवा लागावा आणि स्पीकरवरून विचारणा व्हावी; दोन मिनिटांत घरातून ‘ठीक आहे’ आले नाही तर जवळच्या माणसाला फोन; त्याने उचलला नाही तर दुसऱ्याला; तुम्हा दोघांना सर्वांत शेवटी. तुम्हाला हे उलटे वाटेल, पण शेकडो किलोमीटरवर रात्री दोन वाजता वाजलेला फोन तुम्हाला हतबल करण्यापलीकडे काही साधत नाही. ज्यांनी दार तोडले त्या शेजाऱ्यांना विचारा, ते तयार होतील असे वाटते, पण गृहीत धरू नका; आणि एकाच घरावर भार टाकू नका.

दाराचे मात्र या आठवड्यातच करा. दोन मिनिटांत इशारा मिळाला आणि आत शिरायला अर्धा तास लागला, तर सगळा खर्च पाण्यात. आतली कडी काढून टाका, आतून बंद असूनही बाहेरून किल्लीने उघडेल असे कुलूप बसवा आणि किल्ली शेजाऱ्यांकडे किंवा आकडे जुळवून उघडणाऱ्या भिंतीवरच्या पेटीत ठेवा. रात्री कडी लावल्याशिवाय आईंना झोप येणार नाही, असे तुम्ही म्हणाल. मग नव्या कुलपाचा आवाज कडीसारखा खणखणीत येतो की नाही ते दुकानात वाजवून पाहा. मी थट्टा करत नाही. बऱ्याच जणांना तो आवाजच हवा असतो.

वीज आणि इंटरनेट यांचे थोडक्यात. वीज गेली की राउटर बंद, राउटर बंद की सेन्सर मुके. त्यामुळे मुख्य यंत्रात स्वतःची बॅटरी आणि स्वतःचे सिमकार्ड असावे. विकणाऱ्याला एकच प्रश्न नेमका विचारा: ‘सगळे ठीक आहे म्हणून सेन्सर गप्प आहे आणि तो बंद पडला म्हणून गप्प आहे, यातला फरक मला कसा कळेल?’ चांगली यंत्रे ठरावीक वेळाने ‘मी चालू आहे’ असा निरोप पाठवतात आणि तो आला नाही तर कळवतात. उत्तर देताना तो घुटमळला तर दुसरीकडे जा.

या सगळ्यात आई कशामुळे पडल्या, हा प्रश्न पत्रात नाही आणि तो सुटता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार अपघाती इजांनी होणाऱ्या मृत्यूंत रस्ते अपघातांखालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो, आणि ६५ वर्षांवरील साधारण तीनांतला एक माणूस वर्षातून एकदा तरी पडतो. म्हणजे आईंचे पडणे नवलाचे नाही, पण अटळही नाही. डॉक्टरांना झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या दाखवा, आणि आडवे असताना व उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत, असा दोनदा रक्तदाब मोजायला सांगा. वरचा आकडा २० ने किंवा त्याहून अधिक खाली आला तर रात्रीच्या पडण्याचे कारण तिथेच सापडू शकते. त्या चार तास जमिनीवर होत्या हेही आवर्जून सांगा. बराच वेळ एकाच अंगावर पडून राहिल्याने स्नायूंना आणि त्यातून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, त्वचेवर जखमा होतात, आणि ‘हाड मोडले नाही’ एवढ्यावर तो विषय संपत नाही. फिजिओथेरपिस्ट जमिनीवरून उठण्याची पद्धतही शिकवतात: कुशीवर वळणे, रांगत खुर्चीपर्यंत जाणे, तिच्या आधाराने एक गुडघा उचलणे. आईंच्या वयातही हे शिकता येते. आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत पायाशी लागणारे छोटे दिवे बसवा, हालचाल होताच आपोआप उजळणारे. वर ज्या डबीचे मी इतके दोष काढले, तिचा सर्वांत चांगला उपयोग हाच आहे. ती कोणालाही काही कळवत नाही, आईंना जमीन तेवढी दाखवते. बाथरूममध्ये हाक देण्याची दोरी लावलीत तर ती फरशीपर्यंत लोंबती राहू द्या. पुसताना आड येते म्हणून ती वर गुंडाळून बांधलेली मी इतक्या घरांत पाहिली आहे की आता आत गेल्यावर आधी तीच पाहतो.

सगळे बसवून झाले की तुम्ही स्वतः एक रात्र तिथे राहा. शेजाऱ्यांना आज चाचणी आहे एवढे सांगा, वेळ सांगू नका. मग पॅसेजमध्ये आई पडल्या होत्या त्याच जागी आडव्या व्हा, भावांना बटण दाबू द्या आणि घड्याळ लावा. फोन वाजला तेव्हा नव्हे, तर कोणाचा तरी हात तुमच्या खांद्याला लागला तेव्हा घड्याळ थांबवायचे. दहा मिनिटांहून जास्त वेळ लागला, तर कुठे गेला तो वेळ ते शोधा. बहुधा तो सेन्सरमध्ये सापडणार नाही, जिन्यात, किल्लीत किंवा फोनच्या क्रमात सापडेल. हीच चाचणी दुसऱ्यांदा भावांच्या बटणाशिवाय, नुसत्या पट्टीच्या आणि डबीच्या भरवशावर घ्या. दोन्ही आकडे त्या कागदावर आईंच्या अटींखाली लिहून ठेवा.

हे सगळे जमायला महिना-दीड महिना लागेल. तोपर्यंतच्या रात्रींसाठी टॅबलेटचा चार्जर आजच भावांच्या पलंगाशी, त्यांचा हात पोहोचेल अशा बाजूला लावायला मदतनिसांना सांगा. कोणती बाजू, ते त्यांना विचारून.